‘नळी नको’ म्हणणाऱ्या रुग्णाला त्यानंतर काय मिळतं? सार्वजनिक आरोग्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण, महाराष्ट्र राज्य
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, नगरविकास आणि ग्रामविकास विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय: असाध्य आजाराच्या शेवटच्या टप्प्यात रुग्णाची इच्छा पाळली जाण्याबाबत आणि त्या काळातल्या खर्चाबाबत.

महोदय,

आयसीयूच्या दाराबाहेर नातेवाइकांना विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो. “व्हेंटिलेटर लावायचा का? इथे सही करा.” पसरलेल्या कर्करोगाचा, हृदय थकलेला किंवा फुप्फुसं निकामी होत आलेला रुग्ण त्याआधी महिनोन्‌महिने ओपीडीत येत असतो. शुद्धीत असतो, बोलत असतो. तेव्हा हा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही. ज्या रात्री त्याला बोलता येत नाही, त्या रात्री तो त्याच्या मुलाला विचारला जातो. मुलगा म्हणतो, “सगळं करा डॉक्टर, पैशाचं आम्ही बघतो.” त्याच्याजवळ दुसरं उत्तर नसतं, कारण ‘नको’ म्हटलं तर वडिलांसाठी पुढे काय केलं जाईल हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आणि राज्याच्या बऱ्याच भागांत सांगण्यासारखं फारसं काही नसतंही.

आमचं मागणं या शेवटच्या वाक्यापाशी आहे. रुग्णाच्या नकाराला कायद्याने मान्यता मिळाली आहे, पण नकार दिल्यावर दुखणं थांबवणारी गोळी, घरी येणारी नर्स, रात्री फोन उचलणारा डॉक्टर आणि या सगळ्याचे पैसे कुठून येणार, हे ठरलेलं नाही. ते ठरत नाही तोवर लिव्हिंग विलचा, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवल्याचा, कागद फायलीतच राहणार.

कायद्याची बाजू आपणास ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. हल्ल्यानंतर अनेक दशकं निश्चेतावस्थेत असलेल्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषयाचं दार उघडलं. ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण येऊ देणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती की ती प्रत्यक्षात वापरताच येत नव्हती. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी, वीस वर्षांच्या अनुभवाचे तज्ज्ञ, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत दुसरं मंडळ अशा पायऱ्या होत्या. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती सोपी केली. आता सज्ञान व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि कागद नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचा. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एक किंवा अधिक व्यक्तींची नावं त्यात लिहायची आणि एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या कस्टोडियनकडे द्यायची. मत बदललं तर केव्हाही लेखी रद्द करता येतं.

पुढे रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीत राहिला नाही आणि बरं होण्याची आशा उरली नाही, तर डॉक्टरांची दोन मंडळं बसतात. प्राथमिक मंडळात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असतात. दुय्यम मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात. दोघांनीही शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं आहे. कागदात नाव असलेल्या व्यक्तींची संमती घ्यायची आणि उपचार काढण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. नुसतं कळवायचं आहे, परवानगी मागायची नाही. लिव्हिंग विल नसेल तर जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हीच वाट आहे. शुद्धीत असलेला, समजून उमजून बोलणारा रुग्ण स्वतःच नको म्हणत असेल, तर मंडळांची गरजही नाही. हा शेवटचा मुद्दा रुग्णालयांच्या विधी विभागांनाही नीट समजलेला नाही. तो आपल्या परिपत्रकात ठळक अक्षरांत यावा.

आता हे कुठे अडतं ते सांगतो.

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगितलं की ४१७ कस्टोडियन नेमले आहेत. हे चांगलं पाऊल आहे. पण कागद कार्यालयाच्या कपाटात आहे आणि रुग्ण शनिवारी रात्री अकरा वाजता कॅज्युअल्टीत आला, तर डॉक्टरने खातरजमा कुणाकडे करायची? शिवाय अधिकाऱ्याची बदली होते आणि नव्या माणसाला नोंदवही कुठे आहे हेच माहीत नसतं. नोंद करायला गेलेल्या ज्येष्ठ नागरिकाला ‘कितीच्या स्टॅम्प पेपरवर केलंय?’ असं विचारून परत पाठवलं जाऊ शकतं. आदेशात स्टॅम्प पेपरची अट नाही. कागदात काय लिहावं हे ठरवण्याचा अधिकारही कस्टोडियनला नाही. कागद घ्यायचा, पोच द्यायची, तो जपायचा आणि विचारणा झाली की दाखवायचा, एवढंच त्याचं काम.

यासाठी राज्यभर एकच नमुना नोंदवही ठेवावी. त्यात नाव, जन्मतारीख, असल्यास १४ अंकी आभा (डिजिटल आरोग्य खात्याचा) क्रमांक, कागदाची तारीख, निर्णय घेणाऱ्यांचे मोबाइल क्रमांक आणि रद्द केल्याची तारीख एवढे रकाने पुरेत. कागद स्कॅन करून त्याच दिवशी चढवावा. डिजिटल आरोग्य नोंदीत तो जोडण्याची मुभा २०२३ च्या आदेशातच आहे. रात्री-बेरात्री खातरजमा करण्यासाठी राज्याचा एक क्रमांक हवा. गावातल्या माणसाने कागद कुणाकडे द्यायचा हे त्याच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला ठाऊक हवं, त्यासाठी ग्रामविकास विभागाचं स्वतंत्र पत्र लागेल. शेजारच्या गोव्यात २०२४ मध्ये लिव्हिंग विलची नोंदणी सुरू झाली आणि पहिला कागद उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातल्या न्यायमूर्तींनी स्वतः नोंदवला. लोकांचा विश्वास बसायला अशा गोष्टींचा उपयोग होतो.

दुसरी अडचण दुय्यम मंडळाची. आदेशात ‘मुख्य वैद्यकीय अधिकारी’ असं म्हटलं आहे. आपल्या जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी असे दोघे आहेत. नाव कुणी द्यायचं हे लेखी ठरलेलं नसेल तर खासगी रुग्णालयाचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो, आणि त्या प्रत्येक दिवसाचं आयसीयूचं बिल कुटुंब भरतं. जिल्हा शल्यचिकित्सकांना अधिकार देऊन टाका. भूलतज्ज्ञ, फिजिशियन, न्यूरॉलॉजिस्ट, कर्करोगतज्ज्ञ अशी विषयवार नावांची यादी प्रत्येक जिल्ह्यात तयार ठेवा आणि ती दर सहा महिन्यांनी तपासा. तालुक्याच्या ठिकाणी तज्ज्ञ मिळत नाहीत, तिथे कागदपत्रं पाहून व्हिडिओवरून मत देण्याची मुभा द्या. मंडळाची फी कुटुंबाकडून घेऊ नये. कर्नाटकच्या आरोग्य विभागाने जानेवारी २०२५ मध्ये या कार्यपद्धतीचं परिपत्रक काढलं. महाराष्ट्राला त्याहून नेमकं परिपत्रक काढता येईल.

पण मंडळं आणि नोंदवह्या हा या विषयाचा लहान भाग आहे. फारच थोड्या लोकांकडे असा कागद असेल. बाकीच्यांची इच्छा कळण्याची जागा म्हणजे ओपीडीतली खुर्ची. तिथे बोलणं केव्हा काढायचं याच्या खुणा डॉक्टरांना ठाऊक असतात. कर्करोग दुसऱ्या फळीच्या औषधांनाही दाद देत नाही, हृदयविकाराचा रुग्ण सहा महिन्यांत दोनदा-तीनदा भरती होतो, सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट दम्यासारख्या आजाराच्या) रुग्णाला घरीही ऑक्सिजन लागतो, वृद्ध रुग्ण डायलिसिसनंतर दिवसभर उठत नाही, स्मृतिभ्रंशाचा रुग्ण गिळायचं विसरतो. यातलं काहीही दिसलं की पुढच्या भेटीत अर्धा तास वेगळा काढला पाहिजे.

त्या अर्ध्या तासाची सुरुवात व्हेंटिलेटरपासून करू नये. आधी विचारावं: “तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय? आणखी किती जाणून घ्यायला आवडेल?” घरचे ‘त्यांना काही सांगू नका’ म्हणतात तिथे तर हा प्रश्न जास्तच लागतो, कारण किती ऐकायचं हे रुग्णालाच ठरवू द्यावं. मग: “येत्या दिवसांत तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं? कशाची भीती वाटते? तब्येत बिघडली तर कुठे राहायला आवडेल?” लोक अगदी साधं सांगतात. घरी राहायचंय, दुखू नये, नातीचं लग्न बघायचंय, पोरांवर कर्ज नको. नळीचा, छाती दाबण्याचा, डायलिसिसचा विषय यानंतर काढायचा आणि त्यातून काय साधेल हे सरळ सांगायचं. घशात नळी असली की बोलता येत नाही. ती ओढली जाऊ नये म्हणून हात बांधावे लागतात किंवा झोपेचं औषध सुरू ठेवावं लागतं. जुन्या, थकलेल्या शरीरात छाती दाबताना बरगड्या मोडतात, आणि मूळ आजार होता तिथेच राहतो. बायकांच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. त्यांना सोडून त्यांच्या मुलाला विचारलं जातं. निदान एकदा खोलीत फक्त रुग्ण आणि नर्स असावी.

हे बोलणं एका पानावर उतरलं पाहिजे. आजार कोणता आणि कुठल्या टप्प्यावर, काय हवं, काय नको, कोणाला फोन करायचा, डॉक्टरची सही आणि तारीख. पान केसपेपरच्या सगळ्यात वर रंगीत कागदावर, आणि त्याचा फोटो नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये. छाती दाबून पुनरुज्जीवन न करण्याबाबत आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मार्गदर्शक तत्त्वं २०२० पासून आहेत. आयसीयू नको असं ज्यांनी आधी लिहून ठेवलं आहे त्यांना आयसीयूत भरती करू नये, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. तरीही कॅज्युअल्टीतल्या निवासी डॉक्टरला भीती पोलीस केसची वाटते, म्हणून तो नळी घालून मोकळा होतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर सहीचं पान नसतं आणि पाठीशी लेखी आदेश नसतो.

जिथे खरोखरच सांगता येत नाही, तिथे मुदत ठरवून उपचार करावेत. न्यूमोनिया झालेल्या कर्करोगाच्या रुग्णाला ४८ ते ७२ तास आयसीयूत ठेवायचं, रक्तदाब, लघवी, ऑक्सिजनची गरज आणि शुद्ध यांत काय सुधारणा दिसायला हवी ते आधीच लिहायचं आणि ठरल्या वेळी कुटुंबाबरोबर बसायचं. हे केलं नाही की एकात एक गुंतत जातं. रक्तदाबाची औषधं, मग डायलिसिस, आठ-दहा दिवसांनी गळ्याला छिद्र पाडण्याची सूचना. प्रत्येक पायरी वेगळ्या विभागाचा डॉक्टर सुचवतो, आणि रुग्ण कुठे चालला आहे हे एकत्र बसून कुणीच सांगत नाही.

आणि मग डामा. ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’ हा शिक्का राज्यातल्या किती फायलींवर बसतो आणि त्यातल्या किती जणांचे पैसे संपलेले असतात, हे आपल्या विभागाने मोजायला हवं. पैसे संपले की कुटुंब सही करतं, नळी निघते आणि रुग्ण अँब्युलन्समधून घरी जातो. हातात वेदनाशामक नसतं, दम लागला तर काय द्यायचं याची चिठ्ठी नसते, पुन्हा फोन करायला नंबर नसतो. रुग्णाला घरीच यायचं होतं, पण असं नव्हतं. आमची ठाम मागणी आहे की असाध्य आजाराचा रुग्ण घरी जात असेल तर त्यावर डामाचा शिक्का मारू नये. ‘उपशामक सेवेसाठी घरी’, म्हणजे आजार बरा करण्यासाठी नव्हे तर त्रास कमी करण्याच्या सेवेसाठी, असा वेगळा डिस्चार्ज हवा. त्यासोबत किमान आठवड्याची औषधं, लेखी सूचना आणि गावाजवळच्या आरोग्य केंद्राला फोन ही रुग्णालयाची जबाबदारी असावी.

औषधांत पहिलं नाव मॉर्फिनचं. १० मिलिग्रॅमची साधी गोळी फार स्वस्त आहे. तीव्र वेदनेला तोंडाने ५ ते १० मिलिग्रॅम दर चार तासांनी, वृद्धांना त्याहून कमी, झोपताना दुप्पट म्हणजे मध्यरात्री उठावं लागत नाही. मधेच कळ आली तर तेवढाच एक जादा डोस. सोबत पहिल्या दिवसापासून बिसाकोडिलसारखं रेचक, कारण बद्धकोष्ठता हमखास होते आणि त्यामुळेच घरचे गोळी बंद करतात. मळमळीचं औषध पहिले काही दिवस. मूत्रपिंडं खराब असतील तर मात्रा कमी आणि अंतर जास्त, किंवा दुसरं औषध. गिळता येईनासं झालं की पोटाच्या किंवा दंडाच्या कातडीखाली बारीक बटरफ्लाय सुई बसवून नर्स शिकवते तसं नातेवाईकही औषध देऊ शकतात. नीट वाढवत नेलेल्या मॉर्फिनने श्वास थांबत नाही. उलट दम लागण्यावर तेच लहान मात्रेत उपयोगी पडतं.

मग ते मिळत का नाही? अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एनडीपीएस कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फिनसह काही औषधं ‘अत्यावश्यक नार्कोटिक औषधं’ ठरली. अनेक खात्यांच्या परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरेशी झाली. पण त्यासाठी संस्थेने अर्ज करायचा, एक प्रशिक्षित डॉक्टर दाखवायचा, वर्षाची मागणी कळवायची आणि रोजची नोंदवही ठेवायची असते. ग्रामीण भागात यातला एक तरी दुवा तुटतो. प्रशिक्षित डॉक्टरची बदली होते, वर्षाची मागणी कळवायची राहते, एका गोळीचा हिशेब चुकला तर काय या धास्तीने फार्मासिस्ट साठा मागवतच नाही. मग रुग्णाला आधीच थकलेल्या मूत्रपिंडांवर डायक्लोफिनॅकची इंजेक्शनं टोचली जातात. प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयाला ही मान्यता असावी, दोन-दोन डॉक्टर प्रशिक्षित असावेत आणि तीन महिन्यांचा साठा कायम असावा.

आता पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचं संरक्षण आहे, ही मोठी गोष्ट आहे. पण हे संरक्षण भरती होण्याला आहे. खासगी आरोग्य विम्यातही साधारण चोवीस तास दाखल झाल्याशिवाय दावा बसत नाही. घरच्या उपचारांचं कलम असतं, पण ते रुग्णाला हलवता येत नसेल किंवा खाट मिळत नसेल तेव्हाचं. घरीच राहायचं असं रुग्णाने ठरवलं तर ते लागू होत नाही. परिणाम असा की त्याच रुग्णाला आयसीयूत ठेवलं तर पैसे मिळतात, आणि आठवड्यातून दोनदा नर्स घरी जाऊन बेडसोअरचं ड्रेसिंग बदलणार असेल तर कुटुंबाने खिशातून द्यायचे. पैसा जिथे मिळतो तिथेच रुग्ण ढकलला जातो. त्याची इच्छा विचारून मग ही व्यवस्था तशीच ठेवणं, हा त्याच्यावर अन्याय आहे.

म्हणून घरच्या उपशामक सेवेचं साप्ताहिक पॅकेज योजनेत घालावं: नर्सच्या दोन भेटी, गरजेनुसार डॉक्टरची भेट, चोवीस तास फोन, औषधं, ड्रेसिंगचं सामान, लघवीची नळी बदलणं, आणि उसनी उपकरणं. एअर मॅट्रेस, पाठ उचलता येणारी खाट, कमोडची खुर्ची, सक्शन यंत्र, पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. कोविडच्या काळात घेतलेले कॉन्सन्ट्रेटर जिथे कोपऱ्यात पडून असतील तिथून ते या उसन्या उपकरणांच्या साठ्यात आणावेत, मात्र फिल्टर आणि शुद्धता तपासूनच. वीज जाते तिथे सोबत छोटा सिलिंडर लागतो. चेहऱ्यावर वारा घालणारा हातातला लहान पंखाही दम लागलेल्याला आराम देतो, आणि तो कुठल्याही बाजारात मिळतो. कुजलेल्या जखमेच्या वासाने कुटुंब रुग्णाजवळ बसायचं टाळतं. मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून ड्रेसिंगवर टाकली की तो वास उतरतो. एक डॉक्टर, दोन नर्स, एक समाजसेवा अधीक्षक आणि एक गाडी असं पथक रोज चार ते सहा घरं करू शकतं. केरळने २००८ च्या धोरणाने हे काम पंचायतींच्या हाती दिलं आणि तिथे नर्स घरोघर जाते. महाराष्ट्राचंही उपशामक सेवेचं धोरण २०१२ पासून आहे. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून, वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ पासून आणि परळचं टाटा रुग्णालय हे काम करत आले आहेत. मुंबई-पुण्याबाहेरच्या माणसाने त्यासाठी मुंबई-पुण्याला यावं, अशी अपेक्षा आता ठेवू नये.

भरती असलेल्यांच्या बिलाबद्दल एवढंच. दर ४८ तासांनी कुटुंबाला लेखी अंदाज द्यावा: आतापर्यंत किती झालं, पुढच्या दोन दिवसांचं किती आणि त्यातून काय साधेल असं डॉक्टरला वाटतं. तिन्ही एकाच कागदावर. आज बिलाची आकडेवारी काउंटरवर कळते आणि तब्येत आयसीयूत. दोन्हींचा मेळ घालायचं काम रात्र जागलेल्या मुलावर पडतं, आणि जमीन गहाण पडल्यावर तो मेळ बसतो.

इथे एक सावधगिरी, आणि ती आम्हाला मनापासून महत्त्वाची वाटते. हे सगळं खर्च वाचवण्यासाठी नाही. ज्याला शेवटपर्यंत उपचार हवे आहेत त्याला ते मिळालेच पाहिजेत, मग तो जनरल वॉर्डातला असो की डीलक्स खोलीतला. खाटा कमी आहेत म्हणून गरीब रुग्णाच्या नातेवाइकांकडून ‘नको’ लिहून घेतलं गेलं तर तो या हक्काचा सगळ्यात वाईट गैरवापर ठरेल. म्हणून ‘नको’च्या प्रत्येक पानावर उपचार करणाऱ्या पथकाबाहेरच्या एकाची, समाजसेवा अधीक्षकाची किंवा नर्सिंग इन्चार्जची, सही असावी आणि त्या पानांची तपासणी रुग्णालयाबाहेरच्या समितीने दर तिमाहीत करावी.

शेवटची मागणी लहान वाटेल, पण तिच्यामुळे अनेक रुग्ण शेवटच्या तासात घरातून उचलले जातात. घरी मृत्यू झाला तर दाखला कोण देणार? जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र विनाशुल्क द्यायचं असतं. घरच्या मृत्यूसाठी नमुना ४-अ आहे, आणि नोंदणीची मुदत २१ दिवसांची. पण फॅमिली डॉक्टर ‘मी नाही देत’ म्हणतो, स्मशानात कागद मागतात, शेजारी म्हणतात पोलीस येतील, शवविच्छेदन होईल. त्या भीतीने दोन आठवडे शांतपणे घरी राहिलेल्या माणसाला अखेरच्या घटका मोजताना अँब्युलन्समध्ये घातलं जातं आणि कॅज्युअल्टीत त्याची छाती दाबली जाते. घरच्या सेवेत नोंद असलेल्या प्रत्येक रुग्णासाठी ४-अ कोण देणार त्या डॉक्टरचं नाव आणि फोन पहिल्याच भेटीत फायलीवर लिहावं. तो रजेवर असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने फाइल पाहून द्यावा. असाध्य आजाराची नोंद असलेला अपेक्षित मृत्यू पोलीस प्रकरण नाही, हे गृह विभागाकडून पोलीस ठाण्यांना आणि आपल्याकडून स्मशानभूमीच्या कर्मचाऱ्यांना लेखी जावं. याला नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. हे परिपत्रक या महिन्यातच निघू शकतं. इच्छांच्या पानाचा, नोंदवहीचा आणि डिस्चार्जच्या सूचनांचा मराठी मसुदा आम्ही तयार करून देऊ, आणि ज्या जिल्ह्यात आपण सुरुवात कराल तिथल्या डॉक्टर-नर्सना शिकवायला येऊ.

आपले,
उपशामक आणि अतिदक्षता सेवेत काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवा अधीक्षक